ठिपका क्रमांक सात

चौथ्या रात्री अडीच वाजता
लोकमान्य नगरात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
जागे आम्ही दोघंच : मी आणि नकाशा.
यशोधन टेबलावर आडवा,
कपाळाखाली परवानग्यांची फाइल :
वनखातं, पोलीस, जलसंपदा, तीन सरपंच
आणि एक साहेब, ज्यांचं खातं कोणतं
ते अजून कळलेलं नाही,
पण शिक्का त्यांचाच सगळ्यांत मोठा.

पडद्यावर अकरा ठिपके.
एकेका ठिपक्यात चार माणसं,
आठ ओले बूट आणि एव्हाना बहुधा एक भांडण.
जानापावावरून पायी निघाले,
मग सायकली, मग घाट उतरायचा,
मग नर्मदेत होड्या.
चारशे बारा किलोमीटर.
ही रेघ मी पितृपक्षात आखली,
जेव्हा दुसरं कुणी काही सुरू करत नाही.
मऊ पेन्सिल, शेजारी चहा.
कागदावर दरी बोटभर असते.

सात नंबर थांबलाय.
एक वाजून वीस मिनिटांपासून,
जाम गेटच्या पूर्वेला, ऐन उतारावर.
झोपले असतील.
मीही झोपले होते एकदा, गुडघा शाबूत असताना,
चालता चालता, पुढच्याच्या पाठपिशवीला दोरीनं बांधलेली,
आणि झोपेतच घरी येऊन कुकर लावला होता.
नियम माझाच :
लाल बटण दाबल्याशिवाय मदतीला जायचं नाही.
लिहिला तेव्हा दुपार होती.

फोन वाजला.
"रेठरेकर. देवासहून. केतकीची आई.
मलाही दिसतोय तो."
मग दोघी गप्प,
एकाच ठिपक्याच्या दोन बाजूंना बसलेल्या.
तिच्या भिंतीवरचं घड्याळ मला ऐकू येत होतं.
"जेवली असेल का हो?"
"चौथ्या दिवशी माणूस काहीही खातो," मी म्हटलं.
यात धीर देण्यासारखं काही नव्हतं.

सहाला कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली
आणि ठिपका हलला.
उत्तरेला.
उत्तरेला काही नाही, सगळी शर्यत दक्षिणेला.
तासाला जेमतेम दीड किलोमीटर,
थांबत, वळत, परत मागे येत.
जखमी माणूस असा चालतो.
चकवा लागलेला असा चालतो.
यशोधन, ऊठ. जीप काढ.
नियम मरू दे.

सात चाळीसला चेकपॉइंट बारावरून आवाज :
"सात नंबर पोचले. चौघंही. पोहे मागतायत.
म्हणतात, यंत्राचा पट्टा रात्रीच तुटला."
देवासला कळवलं.
ती रडली नाही. क्षणभरानं म्हणाली,
"मग तो कोण चाललाय?"

तो बोकड होता.
यंत्र नानलाला उतारावर सापडलं,
नानला बारा-तेरा वर्षांचा, शेळ्या चाळीस,
लुकलुकतं म्हणून त्यानं बांधलं थोरल्या बोकडाच्या गळ्यात.
"काढून घेऊ?" यशोधननं विचारलं.
का कोण जाणे, मी म्हटलं, राहू दे आजचा दिवस.

दिवसभर दहा ठिपके धावत होते
आणि मी एक चरताना बघत होते.
दुपारी तो माझ्या रेघेवरून आडवा गेला,
तिथे रेघ आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
मग बराच वेळ एका कोऱ्या जागी उभा.
यशोधनचा फोन : "ताई, इथे झरा आहे."
तीन हिवाळे मोजली आम्ही ती दरी.
तिथून हाकेच्या अंतरावर
महूहून टँकर मागवला होता मी, साडेचार हजारांना.

सात नंबर नववा आला.
त्यांच्या वाटेत सहा तासांचं भोक,
आणि भोकापासून निघालेली एक भलतीच वाट,
वाकडीतिकडी, निवांत. पुसायला हात झाला नाही.

रात्री पुन्हा देवास.
केतकी पोचली, आंघोळ केली, झोपली, सगळं सांगून झालं.
तरी फोन ठेवेना.
"आणि तो बोकड?" तिनं विचारलं.
"पोचला का घरी?"