तपासणीत

मोंढ्यात गोण्या उतरल्या की
बाबा परखी खुपसायचे तागाच्या पोटात,
मूठभर तूर तळहातावर घेऊन फुंकर मारायचे
आणि आडत्याला एकच शब्द सांगायचे.
मग ताग बोटानं सारून भोक बुजवायचे.
“दाणा सांडू नये,” म्हणायचे.

आमचं ऑफिस लातुरात, गूळ मार्केटच्या मागं,
बारदान्याच्या दुकानावर दुसरा मजला.
सात खुर्च्या, एक इन्व्हर्टर,
भिंतीवर फळा, फळ्यावर चार रकाने :
करायचंय. चालू. तपासणीत. झालं.
आडतीवरच्या काट्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो.
गोणी चढते, आकडा थरथरतो,
स्थिरावतो,
पुढची पावती आमची.

तिसऱ्या रकान्यातलं प्रत्येक कार्ड माझ्या नावाचं.
मला ते आवडायचं, खरं सांगते.
माझ्या होकाराशिवाय एक ओळ पुढं सरकत नाही,
असं मी मामेबहिणीच्या हळदीत
कुणाला तरी ऐकवलंही होतं.

सत्त्वशीला घोडके नवीन. औशाहून एसटीनं यायची.
तिनं तीन ओळींचा बदल पाठवला, खाली टीप :
“ताई, अर्ध्या किलोच्या आतलं आपण सोडून द्यायलोत का?
प्रत्येक गोणीला?
मला चुकीचं वाटायलंय. बघता का.”

मी बघितलं नाही.
त्या आठवड्यात मुकीत काझीच्या आठशे ओळी आल्या होत्या.
नाव बदल, जागा सोड, हे वर घे, ते खाली ने,
एक्केचाळीस शेरे मारले मी.
तो दोन दिवस तोंड बारीक करून दुरुस्त करत बसला
आणि मला वाटलं,
मी परखीच चालवायले.

सकाळच्या उभ्या बैठकीत सत्त्वशीला म्हणायची,
“माझं तपासणीत आहे.”
फळ्याकडे बघून. माझ्याकडे नाही.
आठव्या दिवशी नुसतं, “तेच.”
नवव्या दिवशी पंख्यानं कार्ड खाली पडलं,
मथुराबाईंनी झाडताना उचललं
आणि लावलं जिथं जागा दिसली तिथं,
‘झालं’मध्ये.
दहाव्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.
का, ते मला कळलं नाही.

बाराव्या दिवशी उदगीरहून फोन.
आडत्या स्वतः, शेजारी मापाड्याला बसवून :
“म्याडम, काटा खोटं बोलायलाय का पावती?
ह्याच्या वहीशी बेरीज जुळंना.”

ओळ कुणी लिहिली हे विचारायची एक कमांड असते.
तिचं नावच ‘ब्लेम’.
चालवली.
माझंच नाव. तीन वर्षांपूर्वीची तारीख,
रात्रीचे अकरा चाळीस.
तेव्हा मी एकटीच होते,
लिहिणारी मी, होकार देणारी मी.

मग सत्त्वशीलाच्या तीन ओळी वाचल्या.
सव्वा मिनिट लागलं.

उदगीरच्या पावत्यांची फेरबेरीज मुकीतनं काढली, दोन रात्री,
न सांगता.
त्याच्या आठशे ओळींत ती चूक नव्हती, हे त्यानं बोलून दाखवलं नाही.

घरी बाबांना सांगितलं. त्यांना कोड कळत नाही.
त्यांनी एवढंच विचारलं,
“गोणी किती दिवस दारात होती?”
अकरा, म्हटलं.
“मग परखी मारून काय करतीस?
तोवर भुंगा लागतो.”

आता तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर खडूनं ‘३’ लिहिलाय.
चौथं कार्ड आलं की सगळ्यांनी हातातलं ठेवायचं
आणि आधी वाचायचं, कुणाचंही असो.
कधी पाळतो, कधी नाही.
मथुराबाईंना रकाने वाचून दाखवले,
त्या म्हणाल्या, “आधी सांगायचं की.”

आज सत्त्वशीलानं माझ्या एका ओळीवर बोट ठेवलंय :
“ताई, हे मला कळलं नाही.”
उत्तर लिहायला बसले.
लिहिता लिहिता मलाही कळेना.
कार्ड अजून
तपासणीत आहे.