आत राहिलेलं

जांबोटीच्या वरच्या अंगाला
सतरा एकर काजूला तार मीच ओढली.
शेवटचा खांब पुरला, तेव्हा
एक भेकर आत राहिलं होतं.
कुणी बघितलं नव्हतं.

नागोजीरावांकडं ठासणीची बंदूक.
म्हणाले, माझ्या कुंपणात आहे, म्हणजे माझंच की.
राखणदार इरप्पा हळूच बोलला,
"आमच्यात ह्याला काडकुरी म्हणतात.
रानातली मेंढी."
सगळे हसले. मीपण.

भेकर तारेच्या कडेनं धावलं,
कोपऱ्यात वळलं,
परत तेच.
बार चुकावा असं त्यात काही नव्हतं.

वाटा घरी आला, सागाच्या पानात.
बायकोनं विचारलं,
किती लांबनं मारलं?

मी दोन खांबांमधलं अंतर सांगितलं.
आठ फूट.