एकदाच ऐकवलं जाईल

ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाईल, असं सांगून
ती बाई थेट एका हॉटेलात फोन लावते.
दोन रात्रींसाठी खोली हवी आहे,
खिडकी तलावाकडची, मंगळवारपासून.
नाही, थांबा, गुरुवारपासून.
मी मंगळवार लिहून मोकळी झालेली.

पिंगळे मॅडम म्हणतात, तिथेच फसवतात.
पहिलं उत्तर धरायचं नाही,
माणूस आधी चुकतो, खरं मागाहून सांगतो.
कॉलेज रोडच्या त्यांच्या क्लासात एसी आहे,
कानाला मऊ लागणारे हेडफोन,
काचेपलीकडे मुक्या रिक्षा.
घरी तांबट आळी.

सकाळी नऊला पहिला घाव अण्णांचा,
मग समोरचे मुरलीकाका,
मग त्यांचा भाचा, ज्याला अजून ताल नाही.
आणि माझ्या कानात एक प्रोफेसर
मधमाश्यांच्या नाचाबद्दल अगदी निवांत बोलत असतो.
मधमाशी ठण्ण दिशेला
ठण्ण मीटरवर असलेलं फूल
ठण्ण ठण्ण करून सांगते.
रिकामी जागा भरा. फक्त एक शब्द.
स्पेलिंग चुकलं तर गुण नाही.

अण्णांना उजव्या कानानं ऐकू येत नाही,
डाव्यानं येतं, मनात असेल तर.
एकोणतीस वर्षं हंड्यांच्या पोटात डोकं घातलं
की होतं असं, एवढंच ते म्हणतात.
आई समोर उभी राहून
तोंड मोठं करून 'जेवायला' म्हणते.
पण कुणी जुना बंब घेऊन आलं
की ते नखानं टिचकी मारतात, तळहात टेकवतात,
आणि सांगतात: खालच्या सांध्यात, बारीक.
पाणी भरून बघितलं की तिथेच थेंब.

वाचनाचं बरं. उतारा पळून जात नाही.
तिथे माझी अडचण वेगळी:
बरोबर, चूक, आणि तिसरं, उताऱ्यात माहिती नाही.
तिसऱ्यात मी हमखास मार खाते,
कारण मला माहीत असतं ना.
देवमासे गातात, मी ऐकलंय कुठेतरी,
मी बरोबर लिहून टाकते.
मॅडमचं लाल पेन: तुला कोणी विचारलं?

परीक्षेची फी म्हणजे दोनशे पेले.
गंगापूर रोडपुढच्या एका वायनरीला हवेत,
प्रत्येकावर ठोक्यांची नक्षी, उगाच, शोभेची.
भांडं पक्कं व्हावं म्हणून मारायचे ठोके
आता दिसावेत म्हणून मारायचे,
हे अण्णांना फार विनोदी वाटतं.
एकशे चाळीस झालेत.

परवा रात्री त्यांनी माझा एक इअरफोन मागितला.
कानात नाही घातला,
दोन बोटांत धरला, द्राक्षाचा मणी धरावा तसा.
म्हणाले, बाई आहे. घाईत आहे.
होती. गुरुवारची बाई होती.
काय म्हणतेय, मी विचारलं.
मला काय इंग्रजी येतं? म्हणाले, आणि झोपायला गेले.

रविवारी पूर्ण सराव परीक्षा.
पडदे ओढलेले, घड्याळसुद्धा बिनआवाजाचं.
तबस्सुम शेजारी, तिची पेन्सिल भराभर.
माझे पहिले सहा प्रश्न कोरे.
ती शांतता इतकी मोठी होती
की मी तिलाच ऐकत बसले,
पुढचा घाव पडेल, मग ऐकू, असं करत
प्रोफेसर निघून गेला.

सातव्याला मी टाचेनं फरशीवर
हळूच एक ठोका दिला.
मग एक. मग जरा लांबवून एक,
मुरलीकाकांच्या भाच्यासारखा.
मॅडमनी मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं.
मी खाली मान घालून लिहीत होते:
परतीचं तिकीट, निळी बॅग,
आणि स्टेशनवरून उजवीकडे नाही,
थांबा,
डावीकडे.