सपाट चमचा

चमचा सपाट हवा, सोलरून.
शिगोशीग नको. असा बोटाने पुसून घे.
पाणी कोमट, म्हणजे तळाशी वाळू उरत नाही;
उरलीच, तर पेला विसळ आणि तेही पी.
आपल्या बेटावर काही वाया घालवत नाहीत,
मेंढीचं डोकंसुद्धा नाही.

कधी घ्यायचं, हे मला विचारू नकोस.
वल्ही मारण्याआधी, मारल्यावर, मेंढ्या मोजताना,
घड्याळाला यातलं काही कळत नाही.
रोज घ्यायचं, एवढंच.
रविवारीही. वादळात होड्या बंद असतात तेव्हाही.
चर्चमध्ये बसल्यावर आठवलं, तर घरी जाऊन.

मी काय केलं होतं, ऐक.
पहिल्या वर्षी मला धीर नव्हता.
आठवड्याचं एका दिवसात ढोसलं,
आणि तोर्शहावनच्या शर्यतीत, सुटण्याच्या खुणेपाशी,
सगळा गाव धक्क्यावर उभा,
माझ्या पोटात निराळीच शर्यत सुटली.
बेइन्टा अजून मला त्यावरून पडलेल्या नावाने हाक मारते.
नाव सांगणार नाही.

पहिल्या महिन्यात काटा किलोभर पुढे सरकेल.
घाबरू नकोस, पाणी आहे ते,
स्नायूंनी आत ओढून घेतलेलं.
होडी कुरकुरणार नाही.
कुरकुरेल तो हानुस, सुकाणूवरचा.
त्याला म्हणावं, आधी आपली ढेरी उतरव.

आणि अमृत नव्हे हे.
शेजारीण दाराशी येऊन म्हणते ना,
वाटीभर साखर आहे का, संध्याकाळी परत करते,
तशी तुझ्या मांडीत चाललेली उसनवारी.
दहा सेकंदांची.
हिवाळ्यात शेडमधल्या त्या यंत्रावर
आठवी झेप घेताना खांदे म्हणतात, झालं,
तेव्हा कुणीतरी दार उघडतं आणि वाटी पुढे करतं.
दोन वल्ही जास्त. फार तर तीन.
ती तू मारायची. डबा मारत नाही.
हिवाळाभर मारलीस, तर जुलैत
होडीला कळेल. तुला कदाचित कळणारही नाही.

हेरिंगमध्ये हे भरपूर असतं.
म्हाताऱ्या म्हणतात, डबे कशाला, मासा खा.
तू खात नाहीस, मला माहीत आहे.
बार्दुरची होडी रिकामी परत आली
त्याला सहा वर्षं झाली,
तेव्हापासून तुझ्या ताटात बटाटे आणि लोणी.
कारखान्यात दिवसभर माशांची पोटं चिरतेस
आणि घरी येऊन तीनदा हात धुतेस.
कुणी विचारत नाही. मीही विचारणार नव्हते.

पण मासा-मांस न खाणाऱ्याला हे जास्त लागू पडतं, म्हणतात.
भांडं उणं असलं की भर दिसते.
म्हणून मी डबा उलटसुलट वाचला, चष्मा लावून.
कंपनीला पत्र लिहिलं.
उत्तर आलं नाही, तर दुसरं लिहिलं.
मूत्रपिंडाचं डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवलंय,
तुझा मागचा तपास तिच्याकडे आहे, ठीक आहे म्हणाली.
आणि कंपनीचं पत्र हे बघ, घडी घालून ठेवलंय.
कारखान्यात बनतं.
यात समुद्रातलं काही नाही.

पी.
चव नसते त्याला.
उद्या पहाटे सहाला ये, वारा असला तरी.
रडायचं तर रड, वल्ह्यांचा ताल मात्र चुकवू नकोस.

थांब.
पेला बघू.
तळाशी राहिलंय अजून. पाणी घाल.