तीन वायरी, एक नळ

लाइपझिगमध्ये घर भाड्याने मिळतं
ते पुष्कळदा स्वयंपाकघर वजा करून.
आधीचा भाडेकरू ओटा, कपाटं, शेगडी
सगळं उचकटून नेतो, दाढ काढावी तसं,
आणि मागे ठेवतो
भिंतीतून डोकावणाऱ्या तीन वायरी, एक नळ.

हेनिंगचं स्वयंपाकघर यायला नऊ आठवडे.
योरिंडचा सातवा वाढदिवस शनिवारी.
‘आईकडेच करू या ना,’ असं ती म्हणाली नाही.
ती म्हणाली नाही, हे त्याने
दोन रात्री ऐकलं.

शुक्रवारी कपाटाचं न बसवलेलं दार
पुस्तकांच्या दोन खोक्यांवर आडवं टाकलं.
झालं ताट. दोन मीटर लांब,
मुठीसाठी पाडलेल्या भोकासकट.

शेजारच्या विश्नेव्स्की बाईंनी सुरी दिली,
टूथपिकांची डबी दिली, न मागता सल्लाही:
‘इगेल कर. माझ्या लग्नात होता.
नवरा गेला, इगेल आठवतो.’
इगेल म्हणजे गरुड नव्हे,
आपल्या साळिंदराचा बुटका, लाजाळू भाऊबंद.

अर्धा कोबी पालथा.
चीजचा तुकडा, काळं द्राक्ष, टूथपिक,
चीजचा तुकडा, काळं द्राक्ष, टूथपिक.
अडतिसाव्या काट्याला लक्षात आलं
आपण शीळ घालतोय.

मग हात थांबेनात.
काळ्या पावाचा चुरा: माती.
काकडीच्या चकत्या एकीवर एक: ओढा,
तो भोकापाशी येऊन गडप.
दुकानात बारा महिने मिळणारी रंगीत, आयती उकडलेली अंडी
सोलून उभी केली, वर अर्ध्या टोमॅटोची टोपी,
टोपीवर मेयोनेजचे ठिपके: विषारी अळंबी, खाण्याजोगी.
आणि मुळ्याचे लालबुंद उंदीर,
ज्यांना शेपूट देवानेच दिलेलं;
हेनिंगने फक्त कान कापून लावले
आणि मिरीचे डोळे, थोडे तिरळे.

शनिवारी सहा मुलं, बारा बूट दाराशी.
टोरे नावाच्या मुलाने
आधी भिंतीकडे बघितलं, मग वायरींकडे.
‘तुमच्याकडे शेगडी नाही?’

हेनिंगच्या हातातला रस तिथेच थांबला.

योरिंडने टोरेकडे असं बघितलं
जसं हत्तीला पंख विचारणाऱ्याकडे बघावं.
‘जंगलात कुठे असते शेगडी?’
आणि एक अळंबी डोक्यापासून खाल्ली.

पुढे जेवण म्हणावं असं काही झालं नाही.
ओढा कोणीतरी पिऊन टाकला.
दोघांनी माती जमिनीवर वाढवली.
इगेलला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं,
मग प्रत्येकाने गुपचूप एकेक काटा उपटला,
चार वाजता तो
दाढी केलेल्या आजोबांसारखा दिसत होता.

आई न्यायला आली तेव्हा
योरिंड वायरींपाशी उकिडवी बसलेली.
भिंतीच्या भोकात तिने एक उंदीर ठेवला.
‘हा इथेच राहणार. मी येईपर्यंत.’
तिच्या आईने भिंत बघितली, दार बघितलं,
टोमॅटोची एक टोपी उचलून तोंडात टाकली,
आणि काहीच बोलली नाही, हेही बरंच झालं.

सोमवारी उंदीर सुरकुतला,
मंगळवारी एक कान गळला.
हेनिंगने फेकला नाही.
रात्री दिवा घालवण्याआधी
इकडेतिकडे बघून, घरात कोणी नसताना,
त्याच्यापुढे
चीजचा एक तुकडा ठेवला.