टेक दुसरा

एकोणिसावा खेळ बाणेरच्या एका सोसायटीत,
बी विंगच्या क्लबहाउसमध्ये.
टेबल टेनिसचं टेबल भिंतीशी उभं करून ठेवलेलं,
पडद्याला पांढरी चादर, चारी कोपऱ्यांना कपड्यांचे चिमटे.

गेटवर वही होती. नाव, कुणाकडे, कशासाठी.
ऊर्मीपुढे वॉचमननं लिहिलं, पाहुणे.
माझ्यापुढे, पाहुणे.
समिंदरी काळेपुढे, न विचारताच, काम.
मी ते वाचलं.
माझ्या दोन्ही हातांत प्रोजेक्टर होता.
हे कारण मी अजून जपून ठेवलंय.

याआधी दापोडीच्या वाचनालयात दाखवला,
तिथं पंख्यापुढे कुणाला काही ऐकू आलं नाही.
येरवड्याला गल्लीत, भिंतीवर.
पोरं फक्त कुत्रं आलं की टाळ्या वाजवायची.
नवी पेठेत बरोबर साडेसहाला सुरू.
चर्चेत एक गृहस्थ उठले, म्हणाले,
माझा प्रश्न नाही, निवेदन आहे,
आणि लोकांना चपला सापडेपर्यंत निवेदन चाललं.

बावन्न मिनिटांची फिल्म.
पारध्यांची पालं गावानं जाळली, त्यानंतरची अकरा वर्षं.
चाळिसाव्या मिनिटाला हापसा येतो.
द्वारका बोडखे दांडा मारते,
तिचा नवरा त्या रात्री रॉकेलचा डबा घेऊन गेलेला.
समिंदरी वाकते, ओंजळ धरते, पिते.
तिथं मी संगीत घालू दिलं नाही.
लोखंडाची कुरकुर, पाणी, घोट. सात सेकंद.
पुण्यात या सात सेकंदांत माणसं हमखास खोकतात.

दिवे लागले. समोसे अजून यायचे होते.
गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेला एक मुलगा म्हणाला,
सॉरी, पण तो पाण्याचा सीन खरा आहे,
की करून घेतलाय?

अठरा ठिकाणी ऊर्मीनं सांगितलं होतं,
सगळं घडलं तसंच आहे.
अठराही वेळा मी वायर गुंडाळत होतो.
आज समिंदरीनं तिच्या हातातून माइक घेतला,
फार जवळ धरला, स्पीकर किंचाळला.

"दोन बारीला झालं त्ये," ती म्हणाली.
"पैल्या बारीला ह्यांच्या कॅमेऱ्याची बॅटरी मेली.
पर त्या बारीला म्या प्यालेच न्हाई.
तिनं हापसलं, म्या हात धरला,
आन् पानी सोडून दिलं खाली. निघून आले.
दुसऱ्या दिवशी ह्ये म्हनले, परत करा.
ऊन लई व्हतं.
परत केलं तवा प्याले."

मुलगा म्हणाला, म्हणजे खोटाच ना?
समिंदरी म्हणाली, "पानी खरं व्हतं."
कुणी हसलं नाही. मग एक बाई
स्वतःच्या मोलकरणीच्या कपाबद्दल बोलायला लागल्या,
मध्येच थांबल्या,
आणि त्यांना कुणी पुढे बोला म्हटलं नाही.
समोसे आले.

परतताना विद्यापीठ चौकात रिक्षा अडकली.
ऊर्मी पुढच्या रिक्षात होती, चादर घेऊन.
मी समिंदरीला म्हटलं, एक ऐकायचं का?
कॅमेरा बंद होता, माझं यंत्र चालू होतं.
तिच्या कानांवर हेडफोन ठेवले. मोठे होते, एका हातानं धरावे लागले.

कुरकुर. मातीवर पाणी.
तिची पावलं, खडीवरून लांब जाणारी.
आणि कुरकुर. आणि कुरकुर.

ती माझ्याकडे वळली.
"म्या गेल्यावर बी हापशीत व्हती?"
सव्वीस वेळा, मी म्हटलं. मोजलंय.

पुढचा दिवा हिरवा झाला, लाल झाला,
आम्ही तिथंच.
रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं.
"किती पानी वाया घालवलं बाईनं,"
ती म्हणाली,
आणि हेडफोन काही काढले नाहीत.