पाच मोजा

जालन्याच्या जुन्या मोंढ्यात
बियाण्यांच्या दुकानांवरच्या निम्म्या पाट्या
मुनीर पेंटरच्या हातच्या.
मी त्यांचा डबे धरणारा, सुतळी ताणणारा पोरगा.

शिरोरेघ ते एका श्वासात ओढायचे.
कुंचला अजून ‘भां’वर,
आणि नजर केव्हाच ‘र’च्या पुढं जाऊन बसलेली.
उर्दू पाटी असली की हेच, उजवीकडून.
म्हणायचे, नजर आधी पोचते रे, जागा धरते.
हात मागून येतो, सामान घेऊन.

मग एका पहाटे, नमाजाच्या आधी,
डोक्यात मागच्या अंगाला
एक बारीक नळी तुंबली.

घाटीतल्या डॉक्टरीणबाईंनी पेन धरला समोर.
हे काय?
पेन.
रंग?
निळा. पण स्वस्तातला निळा.
घ्या बघू.
हात गेला
आणि चार बोटं डावीकडची हवा पकडून आला.
पुन्हा. पुन्हा हवा.

डोळे शाबूत. मनगटात जोर शाबूत.
मधला निरोप्या तेवढा गेलेला,
जो डोळ्याचं ‘तिथं’
हाताला ‘इथून किती’ करून सांगायचा,
आणि साठ वर्षांत ज्यानं
एकदाही पगार मागितला नव्हता.

बाईंनी एक उलटीच युक्ती शिकवली:
बघा. डोळे मिटा. पाच मोजा. मग हात घाला.

जैबुन्निसा चाची चहा ठेवायच्या.
ते बघायचे, मिटायचे,
ओठ हलायचे,
पाचाला हात निघायचा
अन् बशीला धक्का न लावता
कपाचा कान पकडायचा.
दिसत असताना चुकणारा हात
आठवणीवर नीट चालत होता.
चाची ओढणी तोंडाशी धरून हसल्या,
मग उगाच आत गेल्या.

‘बियाणे भांडार’ अर्धं राहिलेलं.
ते पुरं करायला मी चढलो.
सुतळी ताणली, खडूची रेघ झटकली,
कुंचला टेकवला,
आणि म्हटलं, आज बघूच
आपली नजर पुढं निघते तरी कधी.
तेवढं बघायला गेलो
आणि रेघ ‘डा’वर भेलकांडली.

खाली, शिडीचा पाय धरून
उस्ताद डोळे मिटून उभे.
चार, म्हणाले.
थांब. अजून पाच व्हायचंय.